एक इंचही वाया नाही

बापाची कंबर धरली, गोदामातलं काम सुटलं, आणि सतराव्या वर्षी थोरली मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात लागली. मास्तर माणूस देवासारखा, पण नियम एकच: कापड बिघडवलं की पगारातून वळतं. आणि पगारावर तर घराचं भाडं! मग पोरीने हाताला सवयच लावली. शिवणीच्या आत जादा कापड सोडतात ना, माया, ती सगळे अर्धा इंच सोडत, ही दीड इंच. चुकलंच तर उसवून सावरता यावं. सात वर्षांत हिच्या हातून चिंधीभर नुकसान नाही.

पण अहो, जेवणाच्या सुट्टीत जुन्या वर्तमानपत्रावर काय काय कापायची ती! पंखासारख्या बाह्या, तिरक्या कॉलरी. कागदाचे पैसे कोण कापणार?

नाटकांचे कपडे शिवणाऱ्या कार्यशाळेच्या बाई एकदा अस्तर न्यायला आल्या आणि ते कागद बघून थबकल्याच. "मंगळवारी ये. हात दाखव. जमलं तर पहिल्या दिवसापासून पगार." बिनपगारी शिकायला जाणं थोरलीच्या नशिबात नव्हतंच, तेव्हा दार होतं ते हे एवढंच.

मंगळवारी बाईंनी निळं लोकरी कापड अंथरलं. "पंखांच्या बाहीचा कोट कर. बिघडला तर बिघडू दे, दुसरं कापड आहे."

बिघडू दे! जन्मात तिला कुणी असं म्हटलं नव्हतं. खडूची रेघ तिने झोकात मारली. कात्री मात्र रेघेबाहेरून चालली, सगळीकडे दीड इंच. संध्याकाळी कोट पुतळ्यावर चढला, तर वळणावळणावर आतलं कापड गोळा झालेलं, आणि पंख मान टाकून बसलेले.

"आतली माया छाट की," बाई म्हणाल्या. "लगेच उभे राहतील."

ते काय तिला कळत नव्हतं? तिने कात्री लावली. हात हलेना.

"नको बाई. एकदा छाटलं की परत जोडता येत नाही."

बाईंना वाईट वाटलं, खरंच वाटलं. "हात सोन्याचा आहे गं तुझा. पण इथे रोज दहा गोष्टी बिघडवाव्या लागतात, तेव्हा एक जमते." आणि त्यांनी दिवा मालवला.

घरी आई दारातच उभी. "काय झालं गं? महागाचं कापड वाया नाही ना घालवलंस?"

"नाही आई. एक इंचही नाही."

"शहाणी माझी बाय!" आईचा जीव भांड्यात पडला. थोरली मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि हमसून हमसून रडली.