पाच सुताची रिकामी खाच

आत्सी ल्युमेन, म्हणजे ल्युमेनताई, पाना विकत घेताना आधी डोळे मिटायची. पान्याचं डोकं कानाला लावायचं, दांडी घट्ट धरायची आणि अंगठ्यानं आतली चकती सावकाश फिरवायची. टिक, टिक, टिक. रॅचेटचा पाना एका अंगाला नट धरतो आणि दुसऱ्या अंगाला असा वाजत मोकळा सुटतो. नटावरनं उचलायची गरज नाही, हात नुसता मागंपुढं करायचा. आत्सी तो आवाज ऐकताना ओठ हलवायची. दुकानातल्या नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, बाई माळ जपतीय.

दाऊ गावच्या जुन्या मालाच्या बाजारात कोंग आम्बोचं, म्हणजे आम्बोदादाचं, दुकान होतं. जपानातनं कंटेनर भरून आलेली हत्यारं तो ढिगानं विकायचा. पोट एवढं मोठं, की गल्ल्याच्या मागं तो बसायचा नाही, रुतायचा. आत्सीला बघितलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडायच्या आणि तोंडाला हसू फुटायचं, दोन्ही एकदमच.

"आलीस? बस. आता आख्खी दुपार गेली माझी."

"कोंग, पातळ डोक्याचा पाना पायजे. साडेतीन सुती. इंजिनाच्या पाठीमागं बोटसुद्धा जात न्हाई तिथं घालायचाय."

"मग बोट काप."

"बोट कापून भागलं असतं तर तुझ्याकडं कशाला आले असते?"

आम्बोनं खालच्या फळीवरनं एक चपटी पेटी काढली. आठ पाने, अडीच सुतापासून सहा सुतापर्यंत, सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, करंगळीएवढ्या दांड्यांचे, ओळीनं निजलेले. आत्सीचा हात आपोआप मोबाइलकडं गेला. तिनं पेटीचा फोटो काढला आणि ती विमानं दुरुस्त करायची त्या हँगरमध्ये, तिच्या हाताखालच्या जुन्या मेकॅनिकला, कोंग बेलोला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'मिळाले.' आनंदाच्या भरात माणूस काय करून बसेल सांगता येत नाही.

मग ती निवडायला बसली. एकेक पाना घेऊन डोकं बोटांच्या चिमटीत धरून जाडी बघितली. चकती किती थोड्या हातात पुढचा दाता धरते ते बघितलं. तिकडं आत पान्याला फिरायला जागाच नसते. कान खाजवायला लागावी तेवढी हालचाल मिळाली तरी नशीब, म्हणून दाते बारीक पायजेत. चमकीचा मुलामा नखानं खरवडून बघितला. मुलामा सुटणारा असेल तर त्याच्या खपल्या इंजिनात पडायच्या. दिशा बदलायची कळ वर आलेली असेल तर ती अडचणीत कशालातरी घासून नको तेव्हा उलटी फिरते, म्हणून कळ नसलेलाच बरा.

"आत्सी, पाना घेतीयास का जावई?" आम्बो म्हणाला.

"जावई बिघडला तर पोरगी माघारी येती. पाना बिघडला तर विमान खाली येतं."

सात पाने तिनं फडक्यावर उजवीकडं ठेवले. आठवा, पाच सुती, कानाशी नेला आणि तिचे डोळे उघडले. तिनं तो हलवला. आत काहीतरी खुळखुळलं. चकतीला धरून ठेवणारी तारेची बारीक कडी एका जागी उचललेली होती आणि तिच्या नखाला अडकत होती. ही कडी सुटली की चकती, स्प्रिंग, सगळं इंजिनात.

"ह्यो न्हाई."

"आठांचा जोड हाय. फोडत न्हाई मी."

"मग आठांचे पैसे घे आनि सातच दे."

आम्बो बघतच राहिला. "पैसे देऊन माल टाकून जाणारं गिऱ्हाईक माझ्या बापानं बघितलं न्हाई," तो म्हणाला. पण पाच सुती पाना त्यानं खिशात घातला आणि बोट रोखून सांगितलं, "दुरुस्त करून तुझ्याच गळ्यात घालतो का न्हाई बघ."

एवढी घाई कशाची होती? तर रविवारी सापांग गावची जत्रा होती आणि यंदा जत्रेचं यजमानपण आत्सीच्या आईकडं, इमा सायोंगकडं आलं होतं. इमाचं वय शहाऐंशी. चौदा वर्षं तिचं नाव यादीत वर सरकत होतं. मेरीमातेचा रथ निघाला की यजमानानं वरून विमानातनं फुलं उधळायची, ही तिकडची रीत. इमानं आख्ख्या गल्लीला कामाला लावलं होतं. बोगनवेल, चाफा, गुलाब, पाकळ्या खुडून ओल्या पोत्यांत भरायचं चाललं होतं. विमान आत्सीच्याच हँगरमधलं, उड्डाण शाळेचं चार जणांचं. आणि बुधवारी नेमका त्याच्या इंजिनामागचा हवेचा पंप गेला. पंपाला चार नट. तीन कुणीही काढतं. चौथा खाली, आतल्या अंगाला, पंपाच्या पोटाखाली दडून बसलेला. पूर्वी बेलो त्याच्यासाठी साधा पाना भट्टीत लाल करून वाकवायचा. आत्सीनं तो वाकडा पाना एक दिवस उचलला आणि ऐरणीवर मोडून टाकला. तिच्या कपाटात वाकवलेलं हत्यार राहत नसे.

ते कपाट म्हणजे तेवीस वर्षांचा तिचा संसार. निळ्या पत्र्याचं, सहा खणांचं. प्रत्येक खणात काळा फोम, त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कोरलेली, आणि खाली पिवळा फोम. हत्यार जागेवर असलं की सगळं काळं. नसलं की त्याच्या आकाराचं पिवळं उघडं पडायचं आणि दारातनंच डोळ्यांत घुसायचं. पिवळं दिसतंय तोवर विमान हलणार नाही. आत्सीची सही झाल्याशिवाय हँगरचा दरवाजा विमान उडवणाऱ्या कॅप्टन देल्फिनलासुद्धा उघडत नसे.

हा नियम कसा आला ते बेलोला चांगलं ठाऊक होतं. सहा वर्षांमागं एक पाना कमी पडला होता. बेलोनं पोराबाळांची शपथ घेऊन सांगितलं, "घरी राहिलाय, उद्या आणतो." आत्सीनं विश्वास ठेवून सही केली. तीन आठवड्यांनी तोच पाना विमानाच्या पोटात सापडला, शेपटाचं सुकाणू हलवणाऱ्या तारेच्या दोरीपासून चार बोटांवर. त्या दिवशी आत्सीनं तो पाना पुसून कपाटात ठेवला. मग एवढंच म्हणाली, "इथनं पुढं तोंडाची मोजणी बंद."

शनिवारी सकाळी तिनं फडक्यात गुंडाळलेले पाने बेलोच्या हातात दिले आणि तशीच गावाकडं पळाली. घरी डुक्कर भाजायचं होतं, दोनशे माणसांचा भात होता आणि इमा खुर्चीवर बसून सगळ्यांना एकाच वेळी ओरडत होती.

रविवारी दुपारी दोन वाजता आत्सी तीनचाकीत पाकळ्यांची पाच पोती घालून हँगरवर आली. रथ साडेचारला निघणार होता. विमान बाहेर उभं असेल, कॅप्टन देल्फिन मिशीला पीळ देत असेल, असं तिला वाटलं होतं. बघते तर इंजिनावरचं झाकण उघडं, विमानाच्या पोटाचे पत्रे काढलेले, आणि कोंग बेलो उताणा पडून छोटा आरसा आत घालून बघतोय. साठीच्या माणसाचं तोंड ग्रीसनं माखलेलं.

"काय झालं? पंप बसला न्हाई?"

"पंप बसला," बेलो खालूनच म्हणाला. "चौथा नट वीस मिनिटांत. लोण्यातनं सुरी जावी तसा पाना गेला. एवढा भारी पाना जन्मात धरला न्हाई मी."

"मग?"

बेलोनं आरशानंच कपाटाकडं दाखवलं. चौथा खण उघडा होता. नवा फोम, बेलोनं रात्रंदिवस खपून कोरलेला, कडा कशा लोण्यासारख्या. सात पाने काळ्यात निजलेले. आठवी खाच पिवळीधमक.

"पाच सुती न्हाई," बेलो म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "सकाळपास्नं हुडकतोय, तुला फोन करायचं तोंड न्हाई झालं. मी हरवला, आत्सी. पुन्हा मीच."

आत्सीनं खाचेकडं बघितलं, मग बेलोकडं, आणि खाली बसून पोट धरून हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

"अरे येड्या, तो आणलाच न्हाई मी! आम्बोकडं टाकून आले. सातच व्हते फडक्यात."

"फोटोत तर आठ व्हते! मी फोटोवरनं कोरलं."

"फोटो आधीचा. मोजून न्हाई का घेतलेस?"

बेलोनं मान खाली घातली. "घाईत व्हतो. न्हाई मोजले."

कॅप्टन देल्फिननं सुटकेचा श्वास सोडला. "मग झालं की! आणलाच न्हाई म्हणल्यावर हरवंल कसा? आत्सी, कर सही. हवा तापतीय, तुझी फुलं शिजतील."

आत्सीनं पेन उचललं. वही उघडली. पोत्यांतनं चाफ्याचा वास येत होता आणि बाहेर सिमेंटवरनं वाफा निघत होत्या. साडेचारला इमा चर्चच्या पायरीवर खुर्ची टाकून आभाळाकडं बघत बसणार होती. पेन कागदाला लागलं आणि तिथंच थांबलं.

बेलो उठून तिच्याजवळ आला. तो हळूच म्हणाला, "मी शपथ घेतली तवा मीही खरंच बोलतोय असं मला वाटत व्हतं, आत्सी."

"ठाऊक हाय मला."

"तुझी आठवण माझ्यापेक्षा बरी असंल."

"बरीच हाय." तिनं पेन खाली ठेवलं. "पण खाच पिवळी हाय. माझ्या तोंडाची मोजणी चालत असंल तर तुझी का चालू नये?"

कॅप्टननं टोपी काढून आपटली. "बाई, तुझ्या आईचीच फुलं हायत ही!"

"म्हणून तर. दुसऱ्याच्या आईच्या फुलांपायी सही केली नसती, मग माझ्या आईच्या का करू?"

तिनं आम्बोला फोन लावला. एकदा, दोनदा, चारदा. घंटी वाजायची आणि बंद व्हायची. रविवार, दुकान बंद. शेवटी, जत्रेचं आवतण आम्बोलाही होतं हे आठवून तिनं घरी फोन लावला तर इमानंच उचलला.

"ल्युमेन, विमान कुठं हाय? दिसत न्हाई."

"येतंय, इमा. घरी कोण कोण आलंय?"

"मला काय ठाऊक! जत्रा हाय, जो येतोय तो जेवतोय. एक जाड्या बसलाय कवाचा, डुकराच्या कातड्याची तिसरी ताटली चाललीय. म्हणतोय मी हत्यारं विकतो. तू ओळखतीस का ह्याला? का हाकलू?"

"हाकलू नको!" आत्सी एवढ्या जोरात ओरडली की पोत्यावरची माशी उडाली. "त्याला दे फोन!"

आम्बोच्या तोंडात घास होता. "आत्सी? तुझ्या आईच्या हाताला—"

"कोंग, तो पाच सुती पाना कुठाय?"

"खिशात! दुरुस्त केलाय, तुला दाखवायलाच आणलाय. नवी कडी घातली. आता वाजतोय कसा ऐक—" आणि फोनमधनं टिकटिक आली.

पंधरा मिनिटांत आम्बो आला. तीनचाकी एका अंगाला पार झुकलेली, हातात कातड्याची ताटली तशीच. जत्रेच्या गर्दीतनं वाट काढत आला होता, घामानं सदरा पोटाला चिकटला होता. खाली उतरून त्यानं पाना आत्सीच्या हातात असा ठेवला जसा काही मुकुटच देतोय.

आता पाना खाचेत टाकायचा, सही करायची, मोकळं व्हायचं. बेलोनं खण पुढं ओढूनही धरला. पण आत्सीनं डोळे मिटले.

"आता गं!" कॅप्टन कळवळला.

टिक, टिक, टिक. खुळखुळ गेली होती. आवाज स्वच्छ होता. आम्बोची छाती फुगली. मग आत्सीनं नख कडीवरनं गोल फिरवलं. एकदा सुळकन गेलं. दुसऱ्यांदा, अगदी बारीक, अडकलं.

"कोंग, कडी दुसऱ्या मापाची हाय."

"केसाएवढा फरक हाय!"

"केसाएवढा हाय. न्हाई घालायची मी माझ्या कपाटात."

आम्बो विमानाच्या चाकावर मटकन बसला. "फुलं शिजायला लागलीत, कॅप्टन रडतोय, पाना दारात हाय, आनि ही बाई अजून नखच फिरवतीय!" तो ओरडला, पण शेवटी स्वतःच हसायला लागला. "घे कातडं खा. आता काय?"

"आता काय म्हणजे? आठवा पाना हितं हाय, समद्यांच्या डोळ्यांपुढं. म्हणजे विमानात न्हाई. मोजणी झाली. ऱ्हाता ऱ्हायली खाच. कोंग बेलो, कोरलेला तुकडा टाकलास का ठेवलास?"

बेलोचं तोंड उजळलं. कोरलेला फोम तो कधी टाकत नसे. त्यानं कचऱ्याच्या डब्याशेजारच्या खोक्यातनं पान्याच्या आकाराचा काळा तुकडा हुडकून काढला, मागं डिंक लावला आणि खाचेत दाबून बसवला. पिवळं गेलं. सगळं काळं. आत्सीनं वहीत लिहिलं, 'सात. आठवा नाकारला, परत दिला,' आणि खाली आम्बोचा तेलकट अंगठा उमटवून घेतला. मग सही केली.

पत्रे चढवायला, इंजिन फिरवून तेल बघायला दोन तास गेले. बेलो धावत होता, साठीचा आहे असं कुणी म्हटलं नसतं. पावणेपाचला विमान उडालं तेव्हा आत्सी आणि आम्बो एकाच तीनचाकीतनं गावाकडं निघाले होते आणि गाडीवाला चाकांसाठी देवाचा धावा करत होता.

रथ चर्चच्या कोपऱ्यावर आला होता. इमा पायरीवर खुर्चीत, अंगात निळा झगा, हातात पंखा. विमान घरघरत आलं. पहिलं पोतं कॅप्टननं लवकर उलटं केलं. सगळ्या पाकळ्या शेजारच्या तळ्यावर गेल्या. तिथं चाळीस बदकं फुलांनी नटून कलकलाट करायला लागली. लोक एवढे हसले की रथ ओढणाऱ्यांचे हात सुटले. दुसऱ्या फेरीला मात्र बरोबर बसलं. चाफा, गुलाब, बोगनवेल, थोडं मलूल झालेलं, पण भरपूर. मेरीमातेच्या डोक्यावर, पाद्रीबाबांच्या चष्म्यावर, आम्बोच्या ताटलीत.

इमानं केसातली पाकळी काढून बघितली. "सुकलंय जरा," ती म्हणाली. "वेळ का लागला?"

"ह्याच्यापायी." आत्सीनं आम्बोच्या खिशाकडं बोट केलं. आम्बोनं पाना काढून म्हातारीपुढं धरला. इमानं तो घेतला, उलटसुलट केला, अंगठ्यानं चकती फिरवली. टिक, टिक, टिक. तिला मौज वाटली. पुढची सगळी मिरवणूक ती एका हातानं पंखा हलवत आणि दुसऱ्या हातानं पाना वाजवत बसली.

"चांगला हाय की गं," ती म्हणाली. "का घेतला न्हाईस?"

"तूच ठेव, इमा. तुझ्याजवळ असला की विमानापास्नं लांब ऱ्हाईल."

आम्बोनं ताटलीतली पाकळी बाजूला सारली आणि खालचं कातडं उचललं. "बघ, आत्सी," तो चावत म्हणाला, "शेवटी तुमच्याच घरात घातला का न्हाई मी तो?"