सारवलेला वर्ग

ओल्या सारवणाचा वास आला की चाकणजवळची आमची लोकल बोर्डाची शाळा आठवते. शाळाखात्याचे दिपोटीसाहेब तपासणीला येणार, म्हणून गुरुजींनी मुलांना कविता घोकायला बसवलं आणि आम्हा मुलींना वर्ग सारवायला लावला. माझी कविता आधीच तोंडपाठ होती. मी ओढ्यावर हात धुऊन येईपर्यंत साहेब मुलांच्या कविता ऐकून, जमिनीचं कौतुक करून निघालेही होते. तपासणी बघायला आलेल्या वडलांना माझ्या कोपराला राहिलेलं शेण दिसलं. घरी जाताना ते एवढंच म्हणाले, “शेणच कालवायचं, तर घरी काय कमी हाय? उद्यापास्नं न्हाई जायचं.” गुरुजी बोलवायला येतील म्हणून मी कितीतरी दिवस दाराशी बसायची. ती कविता मला आजही येते. म्हणून दाखव, असं कुणी म्हटलंच नाही.