तेतच्या दिवशी हायवेपलीकडे

नवऱ्याचं ह्यूस्टनला आठवडाभराचं काम निघालं, तेव्हा मी आणि सासूबाईही बरोबर गेलो. त्या नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या आणि आमच्या अमेरिकेतल्याच डब्लिन गावच्या बर्फात घरात बसून पार वैतागल्या होत्या.

ह्यूस्टनला बर्फ नव्हता, पण हॉटेल हायवेला लागून. नवरा सकाळीच गाडी घेऊन जायचा. मला ड्रायव्हिंग येतं. पण माझ्या व्हिसाचं एक्स्टेन्शन रखडलं होतं, त्याच्यासोबत लायसन्सची मुदत संपली होती आणि वर्क परमिट अडकल्यामुळे नोकरीही गेली होती. आम्ही दोघी खिडकीतून ट्रक बघत बसायचो.

एका सकाळी ढोल ऐकू आले. रस्त्यापलीकडच्या व्हिएतनामी दुकानांसमोर, पार्किंग लॉटमध्ये, लाल कंदील आणि खाण्याचे स्टॉल लागले होते. तेत, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, असं रिसेप्शनवरच्या मुलीनं सांगितलं.

"चल, जाऊन येऊ," सासूबाई म्हणाल्या.

"आई, फुटपाथ नाहीये."

"रस्ता तर आहे ना?"

निम्मा रस्ता ओलांडला आणि सिग्नल बदलला. मधल्या अरुंद दुभाजकावर आम्ही अडकलो. दोन्हीकडून गाड्या सुसाट. सासूबाईंनी माझा दंड घट्ट धरला होता. "इथं माणसं चालतच नाहीत का गं?"

पलीकडे धूर, मटणाचे वास, फटाके. आम्ही दोघी शाकाहारी, म्हणून प्रत्येक स्टॉलवर आत काय आहे ते विचारत गेले. कुठे पोर्क, कुठे माशाचा सॉस. शेवटी एका बौद्ध मंदिराचा स्टॉल सापडला. वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्यातले बरेच जण मांस खात नाहीत, असं तिथल्या वयस्कर बाई म्हणाल्या. त्यांनी तव्यावर हळद घातलेलं पातळ पीठ ओतलं, आत मोड आलेले मूग आणि मशरूम भरले आणि घडी घातली.

"अगं, हे तर धिरडं!" सासूबाई किती तरी दिवसांनी हसल्या. पुदिन्याच्या पानांसकट खाल्लं. दुसरं मागितलं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. कुठे आहोत ते मी सांगितलं. "बाहेर कशाला पडलात? आईला काही झालं असतं तर? आता तिथंच थांब, मी संध्याकाळी पिक-अप करतो."

मी सॉरी म्हणणार, तोच सासूबाईंनी फोन घेतला. "मीच आणलंय तिला. आम्ही जेवतोय." आणि फोन ठेवून दिला.

मग प्लॅस्टिकच्या स्टुलावर टेकल्या. म्हणाल्या, "लग्नानंतर कित्येक वर्षं मी विचारल्याशिवाय फाटकाबाहेर गेले नाही. वाटायचं, शिकलेल्या पोरींचं असं होत नसेल." मग म्हणाल्या, "माझं परतीचं तिकीट तरी आहे. तुझं काय?"

देश सोडला तर माझा व्हिसाचा अर्जच बाद होणार होता.

परत रस्ता ओलांडायचा धीर दोघींनाही झाला नाही. संध्याकाळपर्यंत तिथंच बसलो, समोर हॉटेलची आमची खिडकी दिसत असताना. नवरा आला. गाडीतून उतरताना सासूबाई त्याला म्हणाल्या, "उद्यापासून आम्हाला टॅक्सी बोलवून दे." त्यानं दिली, त्या आठवड्यापुरती.

एप्रिलमध्ये त्या परत गेल्या. एअरपोर्टवर सिक्युरिटीच्या रांगेतून त्यांनी हात हलवला. त्यांचा मला इतका हेवा वाटला की उलट हात हलवायचंही राहून गेलं.