पौषातली गेरूची रेघ

वैशाखातल्या भर दुपारी, कुरडया अजून ओल्या असताना, शीतलने सासूची खाट एका बाजूने धरली आणि ओढली.

"आत्याबाई, उचला हे. अमन माप घ्यायला आलाय."

गिरिजाबाईंनी दुसरी बाजू घट्ट धरली. "वाळल्या की उचलते. ओली कुरडई हलवली की तुटते."

"तुटू द्या. लाइटचं बिल तुमच्या शेवयांच्या मशीनमुळंच वाढून राह्यलंय."

परतूरच्या या घराची गच्ची नवरा गेल्यापासून गिरिजाबाईंचं शेत होती. माघापासून वैशाखापर्यंत तिथं कुरडया, पापड, शेवया वाळत. गावातल्या कुठल्याही रुखवतात त्यांची कुरडई नसली तर वरमाया नावानिशी विचारत. त्याच कुरडयांवर मुलगा कल्याण शिकला, नोकरीला लागला आणि आता आईला न विचारता गच्चीवर सोलर बसवायला निघाला.

दरपत्रकं मागवून त्याने तीन कंपन्या तोलल्या होत्या. शेवटी काम दिलं ते शेजारच्या मूलचंदशेठच्या नातवाला, अमनला. सहा पॅनल, तीन किलोवॅट. अमनने टेप धरली, मोबाइलवर फोटो काढले आणि गच्चीच्या दक्षिण अर्ध्या भागाकडे बोट दाखवलं. नेमक्या खाटांच्या जागेवर.

"इथं बराबर आहे. जिना जवळ, मीटर जवळ. उत्तरेला बसवायचं तर पाण्याची टाकी हलवावी लागेल. नुसता खर्चा."

"इथं सावली येते," गिरिजाबाई म्हणाल्या.

अमनने वर पाहिलं. दक्षिणेला त्याच्याच घराचा, पाच वर्षांपूर्वी वाढवलेला तिसरा मजला उभा होता. त्याची सावली भिंतीच्या पायाशी आक्रसून बसली होती. "कुठाय काकू सावली?"

"आज न्हाई. दिवाळीनंतर येते. पौषात अर्धी गच्ची गिळते."

शीतल हसली. "बघा! आता आत्याबाई इंजिनिअर झाल्या."

टेपचं दुसरं टोक धरून उभ्या कल्याणचा आवाज चढला. "माय, तुला खाटांची जागा वाचवायचीय, म्हणून सावलीच्या गोष्टी सांगून राह्यलीस."

"हो, वाचवायचीय. म्हणून काय ऊन खोटं झालं?"

"पुरे आता. हे बाराही महिने चालायचं काम आहे. तुझं चार महिन्यांचं वाळवण न्हाई."

गिरिजाबाईंनी ओल्या कुरडयांची खाट स्वतःच ओढली. दोन-चार कुरडया तुटल्या. खाटेखालची फरशी उघडी पडली आणि तिच्यावर गेरूच्या आडव्या रेघा दिसल्या. काही पुसट, काही ठसठशीत. हिवाळ्यात तूर, मूग, सांडगे कुठे टाकायचे हे रोज शोधत बसायला नको, म्हणून भिंत उभी राहिली त्या वर्षापासून दर महिन्याला दुपारची सावली जिथं थांबे तिथं त्या रेघ ओढत. पहिली रेघ भिंतीपासून चार पावलांवर होती. शेवटची थेट गच्चीच्या मध्यावर.

"ही कार्तिकातली. ही मार्गशीर्षातली. अन् ही पौषातली," त्यांनी पायानेच दाखवलं. "हिच्या अलीकडं दुपारीसुद्धा ऊन न्हाई. बसव तुझे पॅनल."

अमन खाली बसला. मोबाइलमध्ये त्याने डिसेंबर महिना लावला, भिंतीची उंची टाकली. पडद्यावरची काळी पट्टी सरकत सरकत गेरूच्या रेघेपाशी येऊन थांबली. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कल्याणभाऊ, काकूंचं बराबर आहे. मी वैशाखात बघून गेलो असतो अन् हिवाळाभर तुमच्या शिव्या खाल्ल्या असत्या. उत्तरेला घेऊ. टाकी मी हलवून देतो."

कल्याणने आईकडे पाहिलं नाही. शीतल म्हणाली, "मंग आधीच नीट सांगायचं ना."

"पाच वर्षं सांगून राह्यले," गिरिजाबाई फरशीकडे बघत म्हणाल्या. "वाचायला कुणी वर आलं न्हाई."

पॅनल उत्तरेला बसले. कुरडयांची जागा वाचली. पण उत्तरेचं ते ऊन त्यांचंच होतं. थंडीत गुडघे धरले की त्या तिथंच पाय पसरून बसत. अमनला रेघ दाखवताना हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

पौषात बिल नावापुरतं आलं. कल्याणने ते दोनदा वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं. आईला हाक मारली नाही.

त्या दुपारी गिरिजाबाई वर गेल्या. दक्षिणेची अर्धी गच्ची सावलीत गार पडली होती, उत्तरेला काळे पॅनल ऐटीत ऊन खात होते. रेघ आणि पॅनल यांच्या मध्ये पाय पसरण्यापुरती उन्हाची पट्टी उरली होती. त्यांनी तिथं पोतं अंथरलं, पॅनलकडे पाठ केली आणि पाय लांब केले.

शीतल दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला आली. "आत्याबाई, तिथं नका बसू. पॅनलवर सावली पडते तुमची."

गिरिजाबाईंनी शाल गुडघ्यावरून बाजूला केली. त्यांची सावली पॅनलच्या लोखंडी पायांशीच थांबली होती.

"सावली कुठवर जाते," त्या म्हणाल्या, "ते मला नको शिकवू."

आणि त्या बसून राहिल्या.