भोकांचा पाट

जिनात काम करणाऱ्याच्या अंगाला कापूस चिकटतो. कितीही झटका, घरी गेल्यावर बायको कानामागून एक पुंजका काढतेच. आमच्या वर्कशॉपच्या गोष्टींचं तसंच आहे. मी म्हणतो, झाल्या बुवा सगळ्या सांगून; आणि चहा येईपर्यंत आणखी एक निघते. ऐका तर मग.

लढाईचे दिवस होते. नंदुरबारच्या एका जिनिंग फॅक्टरीमागे आमची पत्र्याची शेड. एक लेथ, एक ड्रिल, आणि माणसं तीन: नाना मिस्तरी, धनजी फिटर आणि मी टर्नर. बाहेरून स्पेअर पार्ट येणं बंद झालेलं, त्यामुळे मोडेल ते इथेच दुरुस्त करायचं. प्रत्येक पार्टाचा आकार निराळा, म्हणून त्याला धरून ठेवायला दर वेळी लाकडाची नवी बैठक करा. नाही तर एकानं जॉब हातात धरायचा आणि दुसऱ्यानं घासायचा.

या धरणाऱ्या माणसाचा नानांना भारी राग. "ज्या दिन मन्हं काम धराले दुसरा मानूस लागी, त्या दिन मी डबा उचलीसन घर जासू," असं ते फळीवरच्या हत्यारांच्या डब्याकडे बोट दाखवून येता-जाता म्हणायचे. आम्ही हसायचो.

त्या रागातूनच पाट झाला. मोडक्या प्रेसची एक जाड बिडाची प्लेट नानांनी दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि तिला ओळीनं भोकं पाडली. भंगारातून ठोकळे, खुंट्या, पट्ट्या बनवल्या. कसलाही जॉब येऊ दे, त्याच्याभोवती ठोकळे मांडा, बोल्टानं आवळा, काम करा. काम झालं की सगळं सोडून पेटीत. बोल्ट आरपार, त्यामुळे आवळताना आणि सोडताना वर एक पाना आणि खाली एक पाना, दोन्ही हात गुंतायचे.

*

आमचे मॅनेजर कांतिभाई, तापीकाठच्या गुजर घरातले. पहिल्यांदा आले तेव्हा पाट रिकामा होता. त्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"मिस्तरी, हे मशीन चालू केव्हा होणार?"

"चालू शे," नाना म्हणाले.

कांतिभाईंनी वाकून प्लेटीला कान लावला. "आवाज तर नाही येत."

"धराना काम शे त्यानं. बोलाना नही."

तेव्हापासून कांतिभाई पाटाजवळ आले की हळू बोलायचे.

*

धनजी अंगानं पैलवान आणि बोलण्यानं त्याहून मोठा. एकदा म्हणाला, "आज कोणी हात लावू नका, पुलीला भोक मी पाडणार." सकाळपासून ठोकळे रचत बसला. दुपारी पुली अशी घट्ट बसली की घण मारला तरी हलली नसती. चारी बाजूंनी ठोकळे, वरून पट्ट्या. मग ड्रिल खाली आणलं, तर ते शिरणार कुठून?

नानांनी एक चक्कर मारली. "घर झकास बांधं. दरवाजा कोठे शे?"

धनजी गंभीरपणे म्हणाला, "पार्ट पयी जाऊ नही, म्हनीसन."

*

पाटाची कीर्ती गावाबाहेर गेली. तळोद्याकडचा एक शेतकरी उसाच्या चरख्याचं दातेरी चाक घेऊन आला. ते वाकडंतिकडं चाक आम्ही बघता बघता पाटावर बसवलं. तो खूष. दुसऱ्या आठवड्यात पाहतो तर हा दारात बैल घेऊन उभा!

"नाल ठोकाले उभा ऱ्हात नही. तुमना पाटवर बसाडी द्या."

नानांनी बैलाकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं. मला वाटतं, घटकाभर त्यांनी खरंच हिशेब केला. मग म्हणाले, "एवढा लांब बोल्ट नही शे मन्हापाशी."

*

नानांचा एक नियम होता: दिवस संपला की पाट मोकळा. भोंगा झाला की ते एकच शब्द बोलायचे, "सोडा." एकदा धनजीनं तसंच ठेवलं, का तर उद्या तोच जॉब पुढे करायचा. नाना पाना घेऊन त्याच्या घरी गेले. धनजी जेवत होता. त्याच्या बायकोनं नानांनाही ताट वाढलं. नाना जेवले, हात धुतले, आणि त्याला घेऊन परत आले. सकाळी खरंच दुसराच जॉब आला. त्या रागानं धनजी नानांशी बरेच दिवस बोलला नाही.

*

आणि मग तो सीझन, ज्याचं मला अजून वाईट वाटतं. नानांचा डावा हात मशीनच्या फिरत्या पट्ट्यात गेला. हात वाचला, पण बोटं मिटेनात.

नानांचं खास काम म्हणजे बुश. शाफ्टखाली बसणारा पितळेचा अर्धगोल तुकडा. तो शिकंज्यात आवळला की दबतो, म्हणून नाना डाव्या पंजात धरायचे आणि उजव्या हातानं स्क्रेपरनं खरवडायचे. आता पंजाच राहिला नाही. मी म्हटलं, "नाना, मी धरतो." उद्या डबा न्यायला येतो, एवढंच ते म्हणाले.

ते गेल्यावर धनजीनं पेटी उघडली. नाना बुश कसा धरायचे यावरून आमची चांगलीच जुंपली. मी म्हणे सरळ, तो म्हणे छातीकडे कलता. शेवटी बघायला थांबलेल्या कांतिभाईंनीच धनजीची बाजू घेतली. पाटावर कलते ठोकळे लावले, अंगठ्याच्या जागी एक खुंटी, आणि आत जिनच्या रोलरचं चामडं, पितळ दबू नये म्हणून.

सकाळी नाना आले. पाटासमोर उभे राहिले.

"मानूस नही धरी ऱ्हायना, नाना," धनजी म्हणाला. "लोखंड शे."

नानांनी बुश ठेवून पाहिला. खुंटी जराशी फिरवायला सांगितली. मग उजव्या हातात स्क्रेपर घेतला, आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. शेडमध्ये ती खर-खर पुन्हा ऐकू यायला लागली. मला रडू येत होतं, म्हणून मी लेथ चालू ठेवला.

भोंगा झाला.

"सोडा," नाना म्हणाले.

कोणी हललं नाही. नानांनी स्वतः पाना घेतला आणि वरून बोल्ट फिरवला. खालचा नटही बरोबर फिरत राहिला; डाव्या हाताला पाना धरता येईना.

"खालना पाना धरा कोनी तरी."

धनजीला एकदम बाजारात जायचं आठवलं, तो चपला शोधायला लागला. मी हात धूत होतो, धूतच राहिलो. नानांनी दाराकडे पाहिलं. तिथे कांतिभाई उभे होते. तेही पाठ फिरवून कापसाच्या गाड्या बघायला लागले.

नानांनी आम्हा तिघांकडे पाहिलं. मग पाना खिळ्याला अडकवला, डबा मात्र फळीवरच राहू दिला.

"सकाय लवकर या," ते म्हणाले. "बुश बाकी शेत."