त्या ओळीवर कोणाचं नाव

समजा, सात जणांचा कोड एकाच सामायिक फोल्डरमध्ये पडलाय आणि तुम्हाला सांगितलं, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं गिट बसवा. तुम्ही काय कराल? आजचा कोड उचलून पहिली नोंद कराल. उद्यापासून कोणी कधी काय बदललं ते दिसेल. एका सकाळचं काम.

जपानमधल्या हामामात्सुच्या आमच्या कंपनीत ओकिमुरा सातोएने त्याला अडीच महिने लावले. माझी खुर्ची तिच्या शेजारी.

आदल्या वर्षी आमच्या प्रोग्रॅमने एका बेंतो, म्हणजे जेवणाच्या तयार डब्यांच्या, कारखान्याची ऑर्डर दुप्पट मोजली. चार हजार डब्यांचा भात फुकट शिजला. कोड बदलला की शेजारी आपलं आडनाव लिहायचं, ही आमची पद्धत. चुकलेल्या ओळीशेजारी शेवटचं आडनाव ओकिमुराचं होतं. विभागप्रमुख मिझोबे साहेबांनी तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला, कारखान्यात नेऊन कमरेत वाकायला लावलं. माफीनामा तिच्या फायलीत लागला, बढती थांबली.

"ती ओळ माझी नव्हती," एवढंच ती म्हणाली. रडली नाही.

म्हणून गिट बसवताना तिने चार वर्षं मागून सुरुवात केली. बॅकअपमधली एकेक प्रत काढायची, ती कोणाच्या लॉगिनने सेव्ह झाली ते बघायचं आणि त्याच नावाने, त्याच तारखेने गिटमध्ये नोंदवायची.

"अगं, जुनी मढी कशाला उकरतेस?" मी विचारलं.

"मला एकच हवंय. पण तेवढंच उकरलं तर म्हणतील, मुद्दाम केलं."

आमच्याकडे खालच्याने बनवायचं आणि वरच्याने दाखवायचं. त्यामुळे संचालकांसमोर साहेबच उभे राहिले. आधी उघडून बघितलंही नव्हतं.

"आता कोणाची चूक लपणार नाही," ते हसले. "ओकिमुरा-सान, रागावू नका हं, तुमचीच भाताची ओळ दाखवतो."

"दाखवा ना, साहेब."

त्यांनी क्लिक केलं. ओळीवर नाव आलं: मिझोबे, १४ मार्च, संध्याकाळी ६:५२. ओकिमुराची दुरुस्ती तीन दिवस आधीची.

संचालकांनी चष्मा काढून पुसला. पडदा बंद कसा करायचा ते साहेबांना ठाऊक नव्हतं. ओकिमुरा जागची हलली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "चौसष्ट सेकंद ते नाव पडद्यावर होतं. मोजले मी."

माफीनामा फायलीतून निघाला. दुसऱ्या दिवशी साहेब तिच्या टेबलापाशी आले.

"नाव लिहायचं राहिलं हो. चुकून झालं."

तिने कीबोर्डवरून हात काढले. "ते गिट सांगत नाही, साहेब. माझ्याकडून माफीनामा लिहून घेतलात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं का?"