पाळणा कोणी आणला

आमच्या बेटावरच्या मासळी कारखान्यात निम्मी माणसं लिथुआनियाची, माझ्यासारखी. मी नॉर्वेला आले तेव्हा माझा नवरा जिवंत होता आणि गुडघे शाबूत होते. आता दोन्ही नाहीत, पण मी इथेच राहिले. नवीन आलेल्या बाईला कामाचे उबदार बूट कुठे मिळतात, डॉक्टरशी काय बोलायचं, फेरीबोट कोणत्या वाऱ्यात बंद पडते, हे सगळं सांगायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. विल्मांतेही अशीच माझ्याकडे आली. सरकत्या पट्ट्यापाशी माझ्या शेजारी उभी राहून सॅल्मन माशाचे काटे काढायची. उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला अगदी कमी. आई लहानपणीच गेलेली, बाप दारूत बुडालेला. गावाकडून तिला कुणाचा फोन यायचा नाही आणि तीही कुणाला करायची नाही.

तिचा नवरा आर्वीदास समुद्रात मासे पाळायच्या जाळीदार पिंजऱ्यांवर कामाला होता. तो तिच्या अगदी उलट. कुणाचं छप्पर गळतंय, कुणाची गाडी सुरू होत नाही, आर्वीदास हजर. आईचा एकुलता एक. दर रविवारी आई चर्चमधून घरी आली की फोन करायचा आणि तिला हसवल्याशिवाय ठेवायचा नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पोट रिकामं झालं. म्हणून तिसऱ्या खेपेला दोघांनी तोंडं घट्ट मिटून घेतली होती. पोट दिसायला लागलं तेव्हा कुठे आर्वीदासने आईला सांगितलं, आणि त्या दिवसापासून फोनवरून नियम सुरू झाले. गेनोवाइते, म्हणजे त्याची आई, जुन्या वळणाची बाई. केस कापायचे नाहीत, मयताला जायचं नाही, आणि मूल हातात येईपर्यंत त्याच्यासाठी साधं टोपडंसुद्धा घरात आणायचं नाही. पाळणा तर नाहीच. त्यांच्या गावात म्हणे रिकामा पाळणा घरात आला की घरातलं एक माणूस जातं.

विल्मांते हे सगळं पाळत होती. दोनदा पोळलेलं माणूस काय वाद घालणार? धीर नव्हता तो आर्वीदासला. योरुन नावाची आमच्याकडची सुईण त्याला म्हणाली होती, बेटावर राहायचं तर सगळं वेळेआधी तयार हवं, वारा सुटला की दुकानही गाठता येत नाही. ते त्याने हुकूम मिळाल्यासारखं मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत आमच्या बायका त्याची खेचायच्या. एकदा त्यांनी चांगला जाडजूड कॉड मासा टॉवेलात गुंडाळून त्याच्या हातात दिला आणि म्हणाल्या, बदल बघू याचा लंगोट. पठ्ठ्याने खरोखर बदलला. मासा हातातून निसटून दोनदा जमिनीवर पडला.

"अरे, डोकं धर आधी, डोकं," मी म्हटलं.

"मावशी, याला मान कुठे असते ते तर सांग."

हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. विल्मांते कोपऱ्यात बसून सूप पीत होती. तीही हसली, एक हात पोटावर ठेवून.

थंडी सुरू व्हायच्या आधी शेजारच्या वाडीतलं एक नॉर्वेजियन कुटुंब शहरात राहायला निघालं होतं. त्यांचा जुना लाकडी पाळणा आर्वीदासने मागून घेतला आणि माझ्या शेडमध्ये आणून ठेवला. विल्मांतेला बोलू नकोस आणि आईला तर मुळीच नको, असं मला बजावलं. मग दर शनिवारी येऊन तो घासत बसायचा. जुना रंग खरवडून काढला, एक मोडकी पट्टी नवीन बसवली आणि पिवळा रंग दिला. एकदा विल्मांते माझ्याकडे बटाटे मागायला आली आणि सरळ शेडमध्येच शिरली. मला वाटलं, आता ही भडकणार. ती पाळण्याजवळ गेली, कडेवरून बोट फिरवलं.

"इथे अजून खरखरीत आहे," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून पाळणा घरी घेऊन गेले.

हिवाळा ऐन भरात असताना ते घडलं. पिंजऱ्याचं जाळं ओढायचं काम चाललं होतं, समुद्र खवळलेला. ताणलेला दोर यंत्रावरून तुटला आणि आर्वीदासच्या छातीवर बसला. तो पाण्यात पडला. जोडीदारांनी त्याला लगेच वर काढलं, बचावबोट आली, धक्क्यावर आणेपर्यंत छाती दाबत राहिले. पण तो पाण्यात पडायच्या आधीच गेला असावा, असं डॉक्टर म्हणाला.

आमचा मुकादम पट्ट्यापाशी आला आणि मला बाजूला बोलावलं. विल्मांतेला नॉर्वेजियन चांगलं कळायचं. पण अशी गोष्ट बाईला तिच्या भाषेत कळावी असं त्याला वाटलं, आणि त्याचं बरोबरच होतं. मी परत तिच्या शेजारी गेले. सुरी खाली ठेव, म्हटलं. तिने ठेवली. हातमोजे काढ, म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातमोजे न काढताच विचारलं, "गेला?"

मी होकारार्थी मान हलवली. पट्ट्यावरचे मासे पुढे सरकत राहिले. कुणीतरी धावत जाऊन यंत्र बंद केलं.

त्याला पुरायचं कुठे, हा प्रश्न त्याच आठवड्यात आला. विल्मांतेला वाटत होतं की इथेच, चर्चमागच्या उतारावर. मूल इथे जन्मणार, बाप इथे हवा. गेनोवाइते फोनवर रडून रडून म्हणत होती, माझा मुलगा मला दे. विल्मांतेचे दिवस इतके भरत आले होते की विमानात तिला कुणी घेतलं नसतं. वर सासूचंच म्हणणं पडलं की पोटुशीने शवपेटीजवळ उभंही राहू नये. दोन दिवस ती खिडकीत बसून राहिली. मग मला म्हणाली, घेऊन जाऊ दे त्यांना.

अंत्यविधी आम्ही माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनवर पाहिला. आर्वीदासच्या आत्तेभावाने तिकडून फोन धरला होता. पाद्र्याचा आवाज येत होता, बर्फात उभी असलेली माणसं दिसत होती. पेटी खाली सोडायची वेळ आली आणि चित्र गोठलं. बराच वेळ पडद्यावर कुणाच्या तरी काळ्या कोटाची बाही तेवढी दिसत राहिली. विल्मांते त्या बाहीकडे बघत बसली होती. पुन्हा चित्र सुरू झालं तोवर लोक कबरीवर फुलं ठेवत होते.

बाळंतपणाच्या थोडं आधी गेनोवाइते आली. माझ्या मुलाचं मूल परक्यांच्या हातात जन्माला येऊ देणार नाही, म्हणाली. बुटकी, ताठ पाठीची बाई, डोक्याला काळा रुमाल. फेरीबोटीवरून उतरली तेव्हा मी आणायला गेले होते. घरात शिरली, सुनेला मिठी मारली, दोघी रडल्या. मग कोट टांगायला म्हणून आतल्या खोलीत गेली आणि दारातच थांबली. खिडकीखाली पिवळा पाळणा होता.

"हा कधी आणला?"

"थंडीच्या आधी," विल्मांते म्हणाली.

"म्हणजे तो होता तेव्हा."

"हो."

"कुणी आणला?"

मी तोंड उघडलं होतं. विल्मांतेने माझ्याकडे एकदाच असं पाहिलं की मी गप्प झाले.

"मी आणला," ती म्हणाली. "तो नको नको म्हणत होता. मी ऐकलं नाही."

गेनोवाइतेने कोट टांगला नाही. तो अंगावर ठेवूनच खुर्चीत बसली. "माझं पोर खाल्लंस तू," असं हळू आवाजात, जवळजवळ शांतपणे म्हणाली.

मी निघाले तेव्हा विल्मांते मला सोडायला फाटकापर्यंत आली. मी चिडले होते. हे कसलं खोटं, म्हटलं. एका लाकडाच्या पाळण्याने कुणी मरत नाही, दोर झिजला होता म्हणून तो मेला, हे तिला सांगायचं सोडून तू स्वतःवर ओढवून घेतेस?

"दोराचं तिला किती वेळा सांगितलं, मावशी. तिच्या डोक्यात शिरत नाही. तिला कुणीतरी हवंय." ती फाटकाची कडी लावत उघडत होती. "त्यानेच आणला म्हटलं तर ती आयुष्यभर त्याच्यावर चिडत राहील. मेलेल्या मुलावर चिडून आई कशी जगेल? माझ्यावर चिडू दे. मी काय, सून आहे."

त्यानंतर त्या दोघी एका घरात राहिल्या. गेनोवाइते सुनेसाठी बीटाचं सूप करायची, खिमा भरलेले बटाट्याचे मोठे गोळे उकडायची, तिचे सुजलेले पाय कोमट पाण्यात धरून चोळायची. आणि हे सगळं करताना तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. काही हवं नको असेल तर मला विचारायची. "हिला मीठ कमी चालतं का?" ही शेजारीच बसलेली.

कळा एका सकाळी सुरू झाल्या. वारा होता आणि फेरीबोट बंद. प्रसूतीचं रुग्णालय पलीकडच्या शहरात. योरुनने बचावबोट बोलावली. धक्क्यावर आलो तर बोट लागलेली होती, नारिंगी रंगाची. विल्मांते फळीपाशी आली आणि तिथेच अडकली. आर्वीदासला आणलं ते याच बोटीतून. बोटीवरच्या माणसांनाही ते आठवत होतं. त्यातला एक खाली बघत होता.

"मावशी, दुसरी नाही का?"

"नाही गं."

गेनोवाइतेला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटलं सून घाबरली. तिने मागून तिच्या कमरेत हात घातला आणि फळीवरून जवळजवळ ढकलतच आत नेलं. आतल्या बाकावर विल्मांते पडली, सासूचा हात धरून. लाटेवर बोट आपटली की ओरडायची. गेनोवाइते तिच्या कपाळावरचा घाम काळ्या रुमालाने पुसत होती. तो रुमाल तिने डोक्यावरून पहिल्यांदाच काढला होता. केस सगळे पांढरे निघाले.

मुलगी झाली, संध्याकाळच्या आत. पोर धट्टीकट्टी होती, आईचं मात्र खूप रक्त गेलं आणि एक वेळ अशी आली की डॉक्टरांनी आम्हा दोघींना बाहेर काढलं. बाहेर बाकावर गेनोवाइते जपमाळ ओढत होती. कुणासाठी ते मी विचारलं नाही. विल्मांते वाचली. पण आता पुन्हा मूल होणार नाही असं तिला सांगण्यात आलं. तिने नुसतं "बरं" म्हटलं.

मुलीचं नाव ऊर्ते ठेवलं. आजीने तिला पहिली आंघोळ घातली, मालिश केलं, गाणी म्हटली. मला वाटलं, आता बर्फ वितळेल. तसं काही झालं नाही. पोर मान धरायला लागल्यावर गेनोवाइतेने विषय काढला, की आता दोघी माझ्याबरोबर चला, घर मोठं आहे, बाग आहे. विल्मांते नाही म्हणाली. इथे माझं काम आहे, मी इथेच वाढवीन.

"माझा मुलगा नेलास," गेनोवाइते म्हणाली. मी तिथेच कपडे घड्या करत होते. "त्याला माती द्यायलासुद्धा आली नाहीस. आता त्याचं पोरही पाण्याकाठी ठेवणार?"

"आई, त्याला तुम्ही नेलंत," विल्मांते म्हणाली. "मी दिला. हिला नाही देणार."

गेनोवाइते पुढच्याच फेरीबोटीने गेली. जाताना नातीला छातीशी धरून बराच वेळ उभी राहिली. पाळणा मात्र तिने अखेरपर्यंत वापरू दिला नाही. पोर आजीच्या कुशीत झोपायची. ती गेल्यावर विल्मांतेने ऊर्तेला त्यात ठेवलं.

आता ऊर्ते शाळेत जाते. नॉर्वेजियन फाडफाड बोलते, आमच्या भाषेत अडखळते. दर रविवारी आजीचा फोन येतो. विल्मांते फोन मुलीच्या हातात देते आणि भांडी घासायला जाते. आजीही सुनेला विचारत नाही.

गेल्या उन्हाळ्यात विल्मांते मुलीला घेऊन पहिल्यांदा लिथुआनियाला गेली. परत आल्यावर ती पट्ट्यापाशी माझ्या शेजारी काम करत होती, तेव्हा मी विचारलं, कबर कशी आहे?

"स्वच्छ ठेवलीय. फुलं भरपूर." तिने एक काटा ओढून काढला. आमच्या देशात नवराबायकोची नावं एकाच दगडावर कोरून ठेवतात, मागे राहिलेल्याची फक्त शेवटची तारीख मोकळी असते. "त्याच्या नावाशेजारी आईंनी स्वतःचं नाव कोरून घेतलंय."

"आणि तुझं?"

"दगड लहान आहे, मावशी."

मग म्हणाली की ऊर्तेने तिथे दगडावरची दोन्ही नावं मोठ्याने वाचून दाखवली, आजीला फार आनंद झाला. पट्ट्यावरून पुढचा मासा आला आणि तिने तो ओढून घेतला.